कावळ्याला दिलेला शब्द

रविवारी सकाळी माझा नवरा कामावर गेला. दुपारी रिफायनरीच्या पार्किंगमध्ये एका माणसाने त्याच्यावर चाकूने वार केले. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला. फोन आला तेव्हा मी शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर लावत होते.

आम्ही मूळचे नाशिकचे. कुवेतला आलो तेव्हा मुलगी कडेवर होती, आता ती इथल्याच कॉलेजात शिकते. रिग्गईत एका इमारतीत आमचं घर. मी भारतीय शाळेत ग्रंथपाल आणि नवरा सेफ्टी इंजिनिअर. 'लोक काम करतात आणि मी ते थांबवतो, त्याचा मला पगार मिळतो,' असं तो स्वतःच्या नोकरीबद्दल सांगायचा. रिफायनरीत ठिणग्या उडतील असं कुठलंही काम करायचं तर आधी परमिट लागतं. त्यावर बऱ्याच जणांच्या सह्या असतात. हवेत गॅस नाही ना हे तपासून शेवटची सही तो करायचा. शंका आली तर करायचा नाही, आणि मग काम थांबायचं, कोणी कितीही आरडाओरडा केला तरी.

एका वेल्डरचं काम त्याने असंच थांबवलं होतं. उशीर झाला म्हणून कंत्राटदाराने त्याचा राग वेल्डरवर काढला. नोकरी गेली, पाठोपाठ इकामाही जायची वेळ आली. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की माणसाला या देशात पाय ठेवायला जागा उरत नाही. सही न करणाऱ्या माणसामुळे आपलं हे झालं, असं वेल्डरने धरलं. त्या दिवशी तो पार्किंगमध्ये वाट बघत उभा होता.

नवऱ्याला आम्ही नाशिकला नेलं. दहाव्याला सगळे गोदावरीच्या काठावर होतो. पिंड मांडून झाले होते. समोरच्या झाडावर, मंदिराच्या भिंतीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात, आणि घरचे एकेक करून त्याला शब्द देतात. पुढे येऊन दीर हात जोडून उभा राहिला.

"दादा, पोरीचं शिक्षण मी बघतो. काळजी करू नकोस."

कावळे हलले नाहीत.

"आईला मी सांभाळीन."

मागून कोणीतरी काका म्हणाले, "अरे, गंगापूर रोडच्या फ्लॅटचं बोल. जीव होता त्याचा त्या फ्लॅटमध्ये."

"फ्लॅटचं काम पुरं करून घेतो, दादा. तुला हवी तशीच फरशी टाकतो."

ऊन चढत होतं. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, ते सारखे मनगटाकडे बघत होते. "वहिनींच्या मनात काही असेल तर बोला," असं त्यांनी मला सुचवलं. "मी नीट राहीन," एवढंच मी म्हणाले, तेही कुणाला ऐकू गेलं नसेल. मग दीर घामाने निथळत, एकदम मोठ्याने म्हणाला,

"दादा, ज्याने तुला मारलं त्याला फासावर चढवल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही!"

आणि एक कावळा उतरला. सरळ मधल्या पिंडावर चोच मारून भाताची चार शितं घेऊन गेला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "हेच अडकलं होतं बघा," काका म्हणाले. माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, हात जोडले आणि म्हणाल्या, "हो रे बाळा. दिला शब्द."

त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काही वाटण्याइतकं माझ्यात काही उरलेलंच नव्हतं. चटके बसू नयेत म्हणून मुलगी सावलीत पाय आखडून उभी होती, ते मात्र आठवतं.

कुवेतला परत आल्यावर खटला चालला. मी फक्त एकदाच कोर्टात गेले. अरबीतलं बोलणं मला कळत नव्हतं, म्हणून मी पिंजऱ्यातल्या माणसाकडे बघत बसले. त्याला बघितल्यावर मला काय होईल याची आधीपासून भीती वाटत होती. तो बारीक, साधारण माझ्या दिराच्या वयाचा होता. त्याच्या मानेला काहीतरी चावलं असावं. हातकडी घातलेले हात वर जाईनात, म्हणून त्याने मान वाकडी करून खांद्यावर घासली. थोड्या वेळाने पुन्हा घासली. एवढंच झालं. घरी आल्यावर मला सारखी ती मान दिसायला लागली. ह्या मानेला दोर लावायचा आहे, असं मनात आलं की हातातलं काम हातात राहायचं.

मी त्याला माफ केलेलं नाही. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढे अनेकांनी मला मोठ्या मनाची ठरवलं. माझं मन मोठं नाही. तो वेल्डर आयुष्यभर तुरुंगात राहिला तर मला चालणार आहे. फक्त त्याला मारू नये असं मला वाटतं, आणि का वाटतं हे मला अजूनही धड सांगता येत नाही.

शिक्षा फाशीचीच झाली.

आमच्या वकिलाच्या ऑफिसात एक मंदूब होते. मंदूब म्हणजे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस. हे रत्नागिरीकडचे, पिकल्या दाढीचे, आमच्याशी मराठीत बोलणारे. त्यांनी मला चहा मागवला आणि समजावून सांगितलं.

"ताई, अजून वरची कोर्टं आहेत. तिथे तनाजुल देता येतं. म्हणजे मेलेल्याच्या घरच्यांनी लिहून द्यायचं, की आम्ही आमचा हक्क सोडला. मग जज फाशीची जन्मठेप करू शकतात. करतीलच असं नाही, पण बहुतेक करतात."

"म्हणजे माफ करायचं?"

"नाही हो. माफ करायचं की नाही ते तुमचं आणि वरच्याचं. कोर्टाला तुमच्या मनाशी काय करायचंय? सही पाहिजे त्यांना."

"मी करते सही."

"तुमच्या एकटीची नाही चालायची. बायको, मुलगी आणि आई, तिघींच्या पाहिजेत. एक जरी नसली तरी त्या कागदाला वजन नाही, असं वकीलसाहेब म्हणतात."

"आणि माझा दीर?"

"त्यांची लागत नाही. ते वारसांत येत नाहीत."

मी घरी येताना टॅक्सीत त्याचाच विचार करत होते. ज्याने शब्द दिला त्याच्या सहीला किंमत नव्हती. आणि सही न करण्याने ज्या घरातला माणूस इतरांचे जीव वाचवायचा, त्याच घरात आता एक सही अडली तर एक जीव जाणार होता.

मुलीने सही केली. ती बराच वेळ कागद धरून बसली होती. "बाबांना काय वाटलं असतं?" तिने विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. "मला पण नाही," ती म्हणाली. "आय जस्ट डोन्ट वॉन्ट टू बी द रीझन." मग उठून तिने आतून खोलीचं दार लावून घेतलं. सासूबाईंनी मात्र नाशिकहून फोनवर सांगितलं, शब्द दिलाय, सही करणार नाही.

कशाचा आधार घ्यावा हे कळेनासं झालं की मी पुस्तकांकडे जाते. काही देशांत असा निर्णय ज्यूरी करते, ते मी त्या दिवसांत वाचलं. आपल्याकडेही ती पूर्वी होती, पुढे बंद झाली. ज्यूरी म्हणजे गावातले, आरोपीशी आणि मेलेल्याशी काही संबंध नसलेले परके लोक. खटला फाशीचा असेल तर अमेरिकेत त्यांना बसवायच्या आधी एकेकाला विचारतात, की तुम्ही कुणाला फाशी देऊ शकाल का? काही झालं तरी देऊ शकणार नाही असं म्हणणाऱ्याला घरी पाठवतात. खुनाला फाशीच हवी, असं म्हणणाऱ्यालाही घरी पाठवतात. मधल्यांना ठेवतात. त्यातही अन्याय होतो, फाशी न मानणारे सगळे आधीच वगळल्यावर उरलेल्यांचा कल कुठे असणार, असं त्या पुस्तकात म्हटलं होतं. मला ते पटलं. पण मी ते वाचत होते त्या टेबलावर आमचा कागद होता, आणि मला दुसरंच दिसत होतं. तिथे मला पहिल्या कारणाने घरी पाठवलं असतं आणि सासूबाईंना दुसऱ्या. मुलगी मधली म्हणून कदाचित राहिली असती, पण ती मेलेल्याची मुलगी. म्हणजे ज्यांना तिथे दाराच्या आत घेतलं नसतं, नेमक्या त्याच तिघी आम्ही इथे बसलो होतो.

मी दिराला फोन केला. त्याचा आवाज लगेच पडला.

"वहिनी, मी त्या क्षणी बोलून गेलो. उन्हात उभे होतो आपण. कावळा येईना, भटजी घाई करत होते. तोंडाला आलं ते बोललो."

"मग आईंना सांग ना तसं."

"सांगितलं. म्हटलं, आई, कावळ्याला भूक लागली होती, म्हणून उतरला. तर म्हणते, मग फ्लॅटचं बोललास तेव्हा नव्हती का लागली? काय उत्तर देऊ मी? तूच बोल. तुझं ऐकते ती. मी तिला व्हिजिट व्हिसावर पाठवतो तुझ्याकडे."

सासूबाई आल्या. आयुष्यभर पोस्टाच्या काउंटरवर नोकरी केलेली बाई. कमी बोलणारी, हिशेबाला चोख, कुणाचं वाईट चिंतणारी नाही. आल्या दिवशी त्यांनी मुलाच्या कपाटातले शर्ट घडी मोडून पुन्हा घडी घालून ठेवले. मी काही दिवस विषय काढला नाही. मग एकदा आम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनीच काढला.

"तुला ती सही हवी आहे ना?"

"हो, आई."

"तुला काय वाटतं, मला त्या माणसाच्या मरणाची हौस आहे? त्यालाही आई असेल कुठेतरी. तो मेला म्हणून माझा येणार आहे का परत?"

"मग?"

"अगं, मग काय? शब्द दिलाय. पोरीचं शिक्षण सांगितलं, नाही आला. माझं सांगितलं, नाही आला. हे सांगितलं आणि आला. त्याचं मन त्यातच होतं. आता मी त्याच्या पाठीमागे सही करू? जिवंत होता तेव्हा त्याच्या शब्दाबाहेर गेले नाही मी कधी."

"आई, तो असं कधी बोलला असता का? मुंगी पायाखाली आली तर पाय उचलायचा तो."

"जिवंत माणूस पाय उचलतो," त्या म्हणाल्या. "मारलेल्या माणसाच्या मनात काय येतं, ते तुला ठाऊक आहे का? मला नाही. म्हणून तर कावळा."

माझ्यापाशी जे होतं ते सगळं जिवंत माणसाबद्दलचं होतं. मेथीची पानं संपली, देठ राहिले. आणि मग, ज्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, त्यातलीच एक मी बोलले.

"मग त्यालाच पुन्हा विचारूया."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतेय का, ते बघत असाव्यात. मग हळूच म्हणाल्या, "सर्वपित्री येतेच आहे. पान ठेवता येईल."

अडचण एकच होती. कुवेतमध्ये कावळे फारसे नाहीत. रिग्गईच्या आमच्या गच्चीवर टाक्या, डिशच्या छत्र्या आणि कबुतरं. पण बनेद अल-गारला समुद्राकाठच्या दिव्यांच्या खांबांवर मी कावळे पाहिले होते. खरं तर नवऱ्यानेच दाखवले होते. फिरायला गेलो असताना तो एकदम थांबून म्हणाला होता, "अगं, हे बघ आपल्याकडचे! जहाजातून आले असणार लेकाचे. यांचा इकामा कोणी काढला?" आणि मग बराच वेळ एकटाच हसत राहिला होता.

सर्वपित्रीला सासूबाई पहाटे उठल्या. भात, वरण, उडदाचे वडे, खीर, आमसुलाची चटणी. केळीचं पान आदल्या दिवशी केरळी दुकानातून आणलं होतं. उजाडल्यावर मुलीने गाडी काढली. समुद्रावरून दमट वारा येत होता, सकाळीच कपडे अंगाला चिकटत होते. काही माणसं भरभर चालत होती. आम्ही फरसबंदीच्या कडेला, दगडांजवळ पान मांडलं आणि बाजूला झालो.

खांबावर एक कावळा होता. मी खोटं सांगत नाही, होता.

सासूबाई हात जोडून, नेहमीच्या आवाजात, पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तशा बोलल्या. "बाळा, तुझी आई आली आहे. मागे आम्ही तुला एक शब्द दिला होता. तुझी बायको म्हणते, तो तुला नको असेल. नको असेल तर खाली ये. मी सही करते."

कावळ्याने मान वळवली. समुद्राकडे बघितलं, मग आमच्याकडे. मी देवाजवळ कधी काही मागितलेलं नाही, नवऱ्याला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं तेव्हाही नाही. आणि आता मी मनातल्या मनात एका पक्ष्याची विनवणी करत होते, ये, ये ना रे, फक्त एक घास घे. ज्याने माझा नवरा मारला त्याच्यासाठी.

आधी मांजर आलं. इथे सगळीकडे असतात तसंच, दगडांच्या फटीतून निघालेलं, पिवळट. मुलीने "शू! शू!" करून त्याला हाकललं. ते दोन पावलं मागे सरून बसलं, आणि आम्ही पुन्हा वर बघेपर्यंत खांब रिकामा झाला होता. मांजर परत आलं. त्याने वडा पळवला, मग खीर चाटली. कोणी हाकललं नाही.

आम्ही ऊन होईपर्यंत थांबलो. चालणाऱ्यांपैकी एक जण हिंदीत म्हणून गेला, "मॅडम, यहाँ खाना मत डालिए, फाइन लगेगा." सासूबाईंनी वाकून पान उचललं.

गाडीत मुलगी म्हणाली, "आजी, मी वाचलंय. कावळा आला नाही तर गवताचा करतात ना? दर्भाचा. आणि तो टच करतात."

"करतात."

"मग आपण तो करूया. इट्स अलाउड."

"अलाउड आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "आपलं काम अडलं तर आहे. तिकडे नाशिकला खराखुरा येऊन गेला, त्याच्यावर मी गवताचा चालवू?"

"आजी, मांजराने घाबरवला त्याला! दॅट्स नॉट अॅन आन्सर!"

"असेलही तसं," त्या म्हणाल्या. "पण मी काय समजू?"

मुलीने रेडिओ लावला आणि पुढच्याच सिग्नलला बंद केला.

सासूबाई नाशिकला परत गेल्या. विमानतळावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रागावू नकोस." मी रागावले नव्हते. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. त्या दुष्ट असत्या, हट्टी असत्या, तर मी भांडले असते. पण मी ज्याला माझं मन म्हणते आणि त्या ज्याला शब्द म्हणतात, त्या दोन्हींत खरं वजन कशाला, हे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. माझ्या बाजूला एका माणसाने खांद्यावर घासलेली मान होती. त्यांच्या बाजूला एक कावळा. कोणत्या न्यायाधीशासमोर मी हे मांडणार होते?

वरच्या कोर्टाने शिक्षा कायम केली. त्याच्याही वरच्या कोर्टाने केली. मंदूब फोनवर म्हणाले, "ताई, आता फक्त वरची, म्हणजे इथल्या अमीरांची सही राहिली. ती कधी होईल सांगता येत नाही. आज होईल, नाहीतर वर्षानुवर्षं नाही होणार. तोवर तुमचा कागद आला तर मी स्वतः नेऊन देतो. कुठल्याही दिवशी आणा."

मी दिराला दर आठवड्याला फोन करते. तो सांगतो, आई दर अमावास्येला गॅलरीत पान ठेवते आणि तेच विचारते. मी एकदा न राहवून त्यांनाच फोन द्यायला सांगितलं.

"आई, कावळा येतो का?"

"येतो की. इथे काय कमी आहेत? पान ठेवायचा अवकाश, पाच-सहा येतात."

"मग, आई?"

"अगं, रोजच येतात ते. पोळीचा तुकडा टाकला तरी येतात." मागे टीव्हीचा आवाज येत होता. "रोज येणाऱ्याचं काय धरायचं, तूच सांग."

बातम्यांत कधी इथे फाशी झाल्याचं येतं, तेव्हा मुलगी कॉलेजातून मेसेज करते, 'त्याची?' मी वाचून बघते आणि लिहिते, 'नाही.' मग पुस्तकांना नंबर लावायला बसते.

कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर दोन सह्या आहेत. तो माणूस अजून जिवंत आहे.